सुट्टीत काय बघू? स्मिताला बघा!

मे महिना. चंद्रपूरचा पारा ४५च्या पुढे. दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही. गडचिरोलीकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. घरातली माणसं पहाटेच जंगलात जाऊन येतात आणि नंतर सावलीत बसून पानांची पुडकी बांधतात. हात चालू, गप्पा चालू आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी लागलेलं. परीक्षा संपलेल्या पोरापोरींच्या ग्रुपवर रोज एकच प्रश्न पडतो. भाऊ, बघू काय?

उत्तरंही ठरलेली असतात. कुणी कोरियन सीरिज सांगतं, कुणी गुंडांची वेबसीरिज, कुणी साऊथचा डब केलेला मारधाडपट. बघा की, कोण नाही म्हणतंय? पण या सुट्टीत एक वेगळा प्रयोग करून बघा. दहा वेगवेगळ्या गोष्टी अर्ध्या अर्ध्या बघण्याऐवजी एकच माणूस निवडा आणि त्याचं आयुष्य एकेका सिनेमातून बघत जा.

आमची शिफारस आहे स्मिता पाटील.

नाव ऐकलं असेल. आई-मावशीला विचारलंत तर त्या लगेच दोन सिनेमे सांगतील आणि मग थोडा वेळ गप्प होतील. कारण स्मिता गेली तेव्हा ती फक्त ३१ वर्षांची होती. जेमतेम बारा वर्षं तिने काम केलं. हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, मल्याळम अशा कितीतरी भाषांत केलं. आणि गंमत म्हणजे तिच्या सिनेमांच्या वाटा पुन्हा पुन्हा आपल्या जिल्ह्यांच्या आजूबाजूने गेल्या आहेत. कधी छत्तीसगडातून, कधी तेलंगणातून, कधी थेट जंगलातून. ते कसं, ते ओळीने बघू.

बातम्या देणारी मुलगी

१७ ऑक्टोबर १९५५ला पुण्यात स्मिताचा जन्म झाला. घर मूळचं खानदेशातल्या शिरपूरकडचं. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यलढ्यात होते, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई समाजकार्यात. घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण. गाणी, पथनाट्यं, शिबिरं, गावोगावचे दौरे हे सगळं तिने लहानपणीच बघितलं. म्हणजे अभिनयाच्या शाळेत जाण्याआधीच तिला माणसांत मिसळायची सवय लागली होती.

वडील मंत्री झाले आणि कुटुंब मुंबईला आलं. १९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतं. तिथे स्मिता मराठी बातम्या द्यायला लागली. तिचा त्या वेळचा एक किस्सा आजही सांगतात. ही पोरगी स्टुडिओत जीन्स घालून यायची, बातम्यांची वेळ झाली की वरून साडी गुंडाळायची आणि कॅमेऱ्यासमोर बसायची. पडद्यावर कमरेच्या वरचंच दिसायचं, त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही!

तिच्याकडे बघा, असं कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही. सावळा रंग, मोठे डोळे, शांत आवाज. हिरोइन म्हणजे गोरीपान, हे तेव्हाचं गणित. त्या गणितात ती बसत नव्हती. पण दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी तिला बातम्या देताना बघितलं आणि त्यांना ती हवी होती ती नेमकी तशीच. त्याच सुमारास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांनी पदविकेसाठी केलेल्या ‘तीव्र मध्यम’ या छोट्या सिनेमातही ती दिसली होती.

पहिला सिनेमा आपल्या शेजारचा

तर तुमच्या यादीतला पहिला सिनेमा ‘चरणदास चोर’. साल १९७५. बाल चित्रपट समितीसाठी बेनेगलांनी केलेला. सोपा, हसवणारा, घरातल्या लहानग्यांनाही दाखवता येईल असा. एक चोर असतो. तो गुरूसमोर काही शपथा घेतो आणि त्या पाळायच्याच, असं ठरवून बसतो. मग राज्यातल्या मोठ्या मोठ्या प्रामाणिक माणसांपेक्षा हा चोरच खरा निघतो. स्मिता यात राजघराण्यातली आहे.

आता यातली आपल्यासाठीची खास गोष्ट. मूळ गोष्ट राजस्थानातली लोककथा आहे. तिच्यावर नाटक उभं केलं हबीब तनवीर यांनी, छत्तीसगडी भाषेत, छत्तीसगडच्या नाचा कलाकारांना घेऊन. त्यातलेच कलाकार या सिनेमात आहेत. कोरची, कुरखेडा, धानोरा या भागातल्या वाचकांना नाचा म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको. आपली दंडार आणि त्यांचा नाचा सख्खी भावंडंच म्हणायची. झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकांचा हंगाम लागतो, वडशाच्या मंडळ्या गावोगाव निघतात आणि पब्लिक रात्रभर मांडवात बसतं. त्या पब्लिकला हा सिनेमा लगेच ओळखीचा वाटेल. बोलणं ओळखीचं, टाळी घेण्याची पद्धत ओळखीची.

विचार करा. मंत्र्याची मुलगी, मुंबई-पुण्यात वाढलेली. आणि तिच्यासमोर उभे कोण, तर खेड्यातल्या मांडवात रात्रभर नाचून तयार झालेले कलाकार. त्यांच्यासोबत काम करत ती सिनेमात आली. मोठ्या पडद्यावरची तिची पहिली शाळा ही.

त्याच वर्षी ‘निशांत’ आला. कथा घडते तेलंगणात, जमीनदारांच्या राज्यात. सिरोंचाकडचे लोक प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडे बघतात तोच तो प्रदेश. जमीनदाराचे भाऊ एका मास्तरच्या बायकोला घरातून उचलून नेतात आणि गाव बघत राहतं. स्मिता त्या वाड्यातली धाकटी सून आहे. सगळं दिसतंय, पण बोलायची मुभा नाही, अशी. हा सिनेमा मोठ्यांचा आहे, हिंसा आहे. १८ पूर्ण असाल तरच लावा.

दोन-दोन रुपयांचा सिनेमा

‘मंथन’ मात्र सगळ्यांनी बघावा. १९७६. गुजरातमधल्या एका खेड्यात दूध सहकारी संस्था उभी राहते, त्याची गोष्ट. सिनेमाला पैसे कुणी दिले? गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी, प्रत्येकी २ रुपये. २०२४मध्ये हाच सिनेमा नव्याने दुरुस्त करून कान महोत्सवात दाखवला गेला.

स्मिता यात बिंदू आहे. म्हैस पाळणारी, फटकळ, शहरातून आलेल्या डॉक्टरवर सहजासहजी विश्वास न ठेवणारी. शूटिंगच्या वेळचा किस्सा असा सांगतात की बाहेरून काही मुलं हिरोइन बघायला आली आणि गावच्या बायकांमध्ये बसलेली स्मिता त्यांना ओळखूच आली नाही. एखाद्या नटीसाठी याहून मोठी पावती कुठली?

‘मंथन’ बघताना मनात धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा येईलच. दुधाच्या जागी बांबू ठेवा, संस्थेच्या जागी ग्रामसभा. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबू वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. सिनेमात जे प्रश्न पडतात तेच इथेही पडलेत. मालाचा भाव कोण ठरवणार? साहेब गेल्यावर काम चालणार का? गावातली जुनी भांडणं बाजूला ठेवून एकत्र बसता येतं का? ५० वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे असं वाटणार नाही.

बाविसाव्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार

१९७७ हे स्मिताचं वर्ष. वय किती? तर २१-२२. आज तुमच्यातले बरेच जण ज्या वयात पोलिस भरतीच्या तयारीला लागलेत किंवा बीएच्या शेवटच्या वर्षाला आहेत तेवढी.

‘भूमिका’ आला. मराठी सिनेमातल्या गाजलेल्या नटी हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन आहे. त्यावर आधारलेला हा सिनेमा. लहानपणापासून घर चालवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली एक बाई. तिच्या कमाईवर घर चालतं, पण तिच्या आयुष्याचे निर्णय दुसरेच घेतात. ती एका पुरुषाकडून सुटून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येक घराला दार असतंच, पण कडी बाहेरून असते. शाळकरी मुलीपासून थकलेल्या बाईपर्यंतचा सगळा प्रवास स्मिताने एकटीने पेलला. तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी मराठीत ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गाण्यांतूनच गोष्ट पुढे जाते. ही ठाकर आदिवासींची कथा. नाग्या हा भगताचा मुलगा. लिंगोबाच्या डोंगरकड्यावर मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. माशीने त्याच्या डोळ्याला दुखापत केलेली असते आणि राणी माशीला खाली आणायचंच, असा ध्यास त्याने घेतलेला असतो. स्मिता म्हणजे चिंधी. नवरा पटत नाही तर तसं तोंडावर सांगून बाहेर पडणारी, नाग्यावर जीव टाकणारी, कड्यावर त्याच्यासोबत जाणारी.

आपल्याकडे मध काढणारे लोक आहेत. मोहोळ कसं असतं, धूर कसा करायचा, माश्या उठल्या की काय होतं, हे त्यांना विचारा. शक्य असेल तर त्यांच्यासोबतच बघा. सिनेमात काय बरोबर आणि काय नुसतं शोभेचं, हे ते दोन मिनिटांत सांगतील.

आणि इथेच एक प्रश्न येतो. तो टाळू नका. ठाकर मुलीचं काम मंत्र्याच्या मुलीने का केलं? नाग्या झालेले मोहन आगाशे तर पुण्याचे डॉक्टर. एखाद्या ठाकर मुलीला का नाही घेतलं? ‘चरणदास चोर’मध्ये छत्तीसगडचे कलाकार स्वतः उभे होते. इथे ते नाहीत. स्मिताचं काम सुंदर आहेच. लाकडाची मोळी उचलताना कमरेला येणारा बाक, उन्हात बारीक केलेले डोळे, बोलताना मधेच हसणं, हे सगळं तिने नीट बघून आत्मसात केलंय. तरीही प्रश्न उरतोच. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवता येतात. चांगला प्रेक्षक तेच करतो.

न बोलणारा माणूस

हा प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो तो ‘आक्रोश’ बघताना. १९८०. गोविंद निहलानींचा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. लहान्या भिकू नावाच्या आदिवासी मजुरावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. त्याला सरकारतर्फे एक तरुण वकील मिळतो. वकील पुन्हा पुन्हा विचारतो, पण लहान्या काहीच बोलत नाही. फक्त बघतो. ओम पुरींचे ते डोळे बरेच दिवस विसरता येत नाहीत.

स्मिता ही त्याची मारली गेलेली बायको, नागी. मोजक्याच प्रसंगांत दिसते. पण सगळा सिनेमा तिच्याचभोवती फिरतो. नागीचं काय झालं, हे गावातल्या बड्या लोकांना माहीत आहे. लहान्याला माहीत आहे. फक्त कोर्टाच्या कागदावर ते येत नाही.

आपल्या जिल्ह्यांतल्या वाचकाला हा सिनेमा मुंबईच्या वाचकापेक्षा वेगळा दिसेल. ज्या घरांत आजी फक्त माडिया किंवा गोंडी बोलते, त्या घरातल्या मुलाला सरकारी टेबलासमोरचं गप्प बसणं म्हणजे काय, ते कळतं. ते गप्प बसणं म्हणजे कळत नाही असं नसतं. समोरच्याची भाषा वेगळी असते, बोलून उपयोग होईल याची खात्री नसते आणि बोलल्यावर पुढे काय होईल याची भीती असते. लहान्याच्या गप्प बसण्याचा अर्थ वकिलाला लावायला पूर्ण सिनेमा लागतो. तुम्हाला कदाचित पहिल्या दहा मिनिटांत लागेल.

आता टीव्हीवरचं. लांबलचक मालिका बघायला वेळ नसेल तर ‘सद्गती’ बघा. तासाभराचीही नाही. १९८१मध्ये सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेली, प्रेमचंदांच्या कथेवरून. शूटिंग झालं आपल्या शेजारी, छत्तीसगडमधल्या रायपूरजवळच्या खेड्यात. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला आधी कामाला लावतो. झाड, भुसा वाहा, लाकूड फोड. अंगात ताप, पोटात काही नाही आणि समोर न फुटणारा ओंडका. स्मिता त्याची बायको झुरिया. तिला फार संवाद नाहीत. शेवटाकडे पावसात ती पंडिताच्या दाराशी येते तो प्रसंग बघा आणि मग मोबाइल बाजूला ठेवा. लगेच पुढचं काही लावू नका.

पोस्टरवरची बाई आणि सिनेमातली बाई

‘चक्र’ १९८१ला आला. जयवंत दळवींच्या कादंबरीवरून. मुंबईच्या झोपडपट्टीत मुलाला घेऊन राहणारी अम्मा. गाव सुटलेलं, शहरात जागा नाही. या कामासाठी स्मिताला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण या सिनेमासोबत एक कडू आठवण आहे. झोपडपट्टीत बाईला आंघोळीला आडोसा नसतो, उघड्या नळावरच अंग धुवावं लागतं. सिनेमात तो प्रसंग आहे आणि तो त्या जगण्याची लाज आपल्याला दाखवतो. जाहिरात करणाऱ्यांनी नेमकं तेच चित्र उचललं आणि पब्लिक खेचायला वापरलं. स्मिताला ते अजिबात पटलं नाही. सिनेमात जी बाई माणूस होती ती पोस्टरवर नुसतं शरीर झाली.

आज तुमच्या रील्समध्ये हेच चालतं ना? दोन तासांच्या सिनेमातला दहा सेकंदांचा तुकडा कापायचा, खाली चार इमोजी आणि व्ह्यूज लाखात. पुढच्या वेळी असा तुकडा समोर आला की शेअर करण्याआधी एकदा आठवा, तो कुठून कापलाय.

स्मिता मुंबईत स्त्रियांसाठी काम करणाऱ्या केंद्राशीही जोडलेली होती. पडद्यावर बाईचं दुःख आणि बाहेर आल्यावर वेगळंच, असं तिचं नव्हतं. पण ती काही देवीही नव्हती. ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ असे मोठ्या हिरोंचे धंदेवाईक सिनेमे तिने केले. पावसात भिजत केलेल्या गाण्यानंतर ती अस्वस्थ झाली होती. तरी केलं. आणि त्या सिनेमांमुळे गावोगावच्या टॉकीजमध्ये तिचा चेहरा पोचला, हेही खरंच. आपल्या मनासारखं काम आणि पोट भरणारं काम यांच्यामधली ओढाताण तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे! तिलाही होती.

१९८२ आणि उंबरठा

२६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षाचा सिनेमा ‘उंबरठा’. पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकरांची पटकथा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून. आपल्या विदर्भाचे, अमरावतीचे सुरेश भट यांची गझल लताबाईंच्या आवाजात याच सिनेमात आहे.

सुलभा महाजन चांगल्या घरची सून. नवरा वकील, सासूबाई समाजसेविका, एक लहान मुलगी. सुलभाला महिला सुधारगृहात अधीक्षक म्हणून नोकरी मिळते, दूर गावी. घरच्यांचं म्हणणं असं की समाजसेवाच करायची ना, मग इथेच कर, घर सांभाळून कर. ती जाते. तिथे गेल्यावर दिसतं की सुधारगृहाच्या आत काय काय चाललंय आणि त्यात वरच्यांचे हात कुठपर्यंत आहेत. ती भांडते. आणि परत येते तेव्हा घरही पूर्वीचं राहिलेलं नसतं.

हा सिनेमा आईसोबत बघा, हे मुद्दाम सांगतोय. नर्सिंगला नागपूरला जाऊ का, एमपीएससीसाठी पुण्याला राहू का, असा विषय घरात निघाला की जी शांतता पसरते ती तुमच्यापैकी बऱ्याच मुलींना माहीत आहे. सिनेमा कुणालाच खलनायक करत नाही. नवरा वाईट नाही, सासूही वाईट नाही. तरी सुलभाला एकटीलाच किंमत मोजावी लागते. सिनेमा संपल्यावर आईला विचारा, सुलभाचं चुकलं का? उत्तर काय येईल ते सांगता येत नाही. पण त्यानंतरचं बोलणं नेहमीपेक्षा वेगळं असेल.

शेवटचा सिनेमा

१९८५ला स्मिताला पद्मश्री मिळाली. काम जोरात होतं. अभिनेते राज बब्बर यांच्याशी लग्न झालं होतं. २८ नोव्हेंबर १९८६ला मुलगा झाला. बाळंतपणानंतर तब्येत बिघडत गेली आणि १३ डिसेंबर १९८६ला मुंबईत ती गेली. बाळ पंधरा दिवसांचं.

हे वाचून आपल्याकडचं काही आठवलं असेल तर चूक नाही. पावसाळ्यात भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो आणि दिवस भरलेल्या बाईला खाटेवर घालून आणावं लागतं, अशा बातम्या आपण वाचतोच. योगायोग असा की त्याच १९८६मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत कामाला लागले होते. बायांच्या दुखण्याकडे कुणी बघतच नाही, हे त्यांनी गावागावांत फिरून जगासमोर मांडलं. बाळंतपण ही बाईच्या आयुष्यातली साधी गोष्ट, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मुंबईत, सगळ्या सोयींच्या मधोमध, देशातली इतकी मोठी नटी त्यात गेली. साधी गोष्ट नसते ती.

ती गेल्यावर १९८७मध्ये ‘मिर्च मसाला’ लोकांसमोर आला. दिग्दर्शक केतन मेहता. शेवटी हाच बघा. इंग्रजांच्या काळातलं गुजरातमधलं गाव. सुभेदाराची नजर सोनबाईवर पडते. ती नाही म्हणते आणि पळत जाऊन मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी आतून दरवाजा लावून घेतो. बाहेर सुभेदाराचे शिपाई, गावचे पुढारी. आत मिरची कुटणाऱ्या बाया. गाव म्हणतं, एकीला देऊन टाका आणि विषय मिटवा. आतल्या काही बायाही आधी तेच म्हणतात. पुढे काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की शेवटच्या दृश्यात स्मिताच्या हातात विळा आहे आणि पडद्यावर सगळीकडे लाल रंग.

‘निशांत’मध्ये गप्प बसलेली सून, ‘आक्रोश’मध्ये मारली गेलेली नागी आणि आता ही सोनबाई. ओळीने बघितलंत तर लक्षात येईल, याला क्रम का लावायला सांगितला.

कसं बघायचं?

थोड्या कामाच्या सूचना.

आठवड्याला एकच. क्रम असा: चरणदास चोर, मंथन, जैत रे जैत, सद्गती, उंबरठा, मिर्च मसाला. हे सहा घरात सगळ्यांसोबत बघता येतील. फक्त ‘सद्गती’चा शेवट जड आहे, लहानग्यांना झोपवून मग लावा. निशांत, भूमिका, आक्रोश, चक्र हे चार मोठ्यांचे.

नेटवर्कची रड असेल तर तालुक्याला गेल्यावर रीतसर डाउनलोड करून घ्या. तुकडे तुकडे बघू नका, पूर्ण बघा. जुनी प्रिंट असेल, आवाज कमी-जास्त होईल. पहिली पंधरा मिनिटं धीर धरा.

जमलं तर एकट्याने बघू नका. पाच-सहा जण जमा, अंगणात चादर लावा, कुणाकडून प्रोजेक्टर मागून आणा. झाडीपट्टीत रात्रभर नाटक बघणाऱ्या लोकांना दोन तासांचं काय!

आणि बघून झालं की त्या प्रश्नाकडे परत या. नागीचं काम स्मिताने केलं, चिंधीचं स्मिताने केलं, बिंदू, झुरिया, सोनबाई, सगळ्या स्मितानेच. तेव्हा पडद्यावर अशा बाया यायच्या तर कुणाच्या तरी उसन्या चेहऱ्याने. तिने तो चेहरा मनापासून दिला, त्यांचं चालणं-बसणं-रागावणं नीट शिकून दिला, म्हणून त्या बाया निदान दिसल्या तरी. पण एटापल्लीची, कोरचीची, जिवतीची एखादी मुलगी आज स्वतःच्या आजीची गोष्ट स्वतःच्या भाषेत मोबाइलवर शूट करू शकते. तिला कुणाची परवानगी लागत नाही. झाडीपट्टीच्या मांडवात नाव कमावलेले कलाकार गावात आहेतच, शिकायचं तर त्यांच्याकडून शिकता येतं.

तेव्हा या सुट्टीत सहा सिनेमे बघा. सातवा दोन मिनिटांचा का असेना, तुम्ही करा. आजी तेंदूपत्त्याची पुडकी बांधत बसली असेल, तिच्यापासूनच सुरुवात करा. फक्त कॅमेरा सुरू करण्याआधी तिला विचारा आणि ती बोलायला लागली की मधे बोलू नका.